मी आभार मानले नाहीत

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट बाबांकडे फेकलं. हातात दिलं नाही. फेकलं. बाबांना झेलता आलं नाही. पाकीट गराजच्या सिमेंटवर पडलं. बाबा गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू वाकले, पाकीट उचललं, शर्टाला पुसलं आणि खिशात ठेवलं.

समोर फोल्डिंगच्या खुर्च्यांवर दहा-बारा माणसं बसलेली. सगळी मराठी. कुणाची आई, कुणाचे वडील, कुणाचे सासरे. सगळी हसत होती.

मीही हसलो.

हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस धीट होता. तसं वाटू नये. आधी मी हसलो होतो.

टेक्सासमधलं प्लेनो. चौऱ्याऐंशी साल. रस्त्याच्या एका बाजूला नवी कोरी मोठी घरं आणि दुसऱ्या बाजूला अजून शेतं, असं ते गाव होतं तेव्हा. आमच्या मराठी मंडळातले डॉक्टर त्या मोठ्या घरांपैकी एकात राहायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी ते गराजचं दार वर करायचे, दोन्ही गाड्या रस्त्यावर लावायचे आणि आत टेबल मांडून बसायचे. हाफ पँट, पायात सपाता, गळ्यात स्टेथोस्कोप. मंडळातल्या लोकांचे आईवडील भारतातून सहा-सहा महिन्यांसाठी यायचे. बीपी, शुगर, दमा सगळं बरोबर घेऊन यायचे. पाहुण्या म्हाताऱ्यांना कुणी इन्शुरन्स देत नव्हतं. इन्शुरन्स नसताना इथल्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे आमच्यासारख्याचा पगार संपणं. म्हणून सगळे गराजमध्ये यायचे. औषध कंपन्यांची माणसं डॉक्टरांना सॅम्पल देऊन जायची. खोकी भरून. त्यातलंच काहीतरी मिळायचं. या महिन्यात पांढरी गोळी, पुढच्या महिन्यात गुलाबी. जे आलं असेल ते. बायका जाताना डबा घेऊन जायच्या. चकली, नारळाच्या वड्या. काकू, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, चहा द्यायच्या.

त्या डॉक्टरांनी पुष्कळांचं भलं केलं. हे खोटं नाही. एकाच्या आईला दमा उठला तेव्हा ते जेवणाच्या ताटावरून उठून गेले होते. हे मी नाकारत नाही.

बाबा ऑगस्टमध्ये आले. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मी त्यांना गराजमध्ये नेलं. जाताना गाडीत पढवत होतो. आडनाव विचारलं तर काळजी नव्हती. कॉलेजात असतानाच मी आडनाव बदलून गावाच्या नावावरून केलं होतं, बाबांनाही बदलायला लावलं होतं. पण नोकरी विचारतील याची भीती होती.

"नुसतं 'हॉस्पिटलमध्ये होतो' एवढंच सांगा," मी म्हणालो. "जास्त बोलू नका."

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. 

डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. फुगवला. गप्पा मारायची त्यांना सवय होती. "काय काका, गाव कुठलं?"

बाबांनी जिल्ह्याचं नाव सांगितलं.

"अरे वा. तिथल्या सिव्हिलला मी सहा महिने काढलेत. इंटर्न होतो."

बाबांचा चेहरा उजळला. मी मान हलवून नको नको म्हणत होतो. त्यांनी बघितलं नाही. "त्याच सिव्हिलमदी होतो मी," ते म्हणाले. "वॉर्डबॉय. बत्तीस वर्षं. तुमच्यासारखे लई पोरं पाहिले. पहिलं इंजेक्शन देताना हात असे थरथर कापत त्यांचे. मीच धरून ठेवो पेशंटले."

खुर्च्यांवरच्या आज्या खळखळून हसल्या. एक म्हणाली, "डॉक्टर, तुमचेही कापले असतील हो."

डॉक्टरही हसले. पण त्यांचे कान लाल झाले होते. पट्टा सोडता सोडता त्यांनी विचारलं, "राहायला कुठे मग? क्वार्टरमध्ये?"

"नाही जी. बौद्धवाड्यात. घर हाय आपलं."

"अच्छा. अच्छा अच्छा." मग ते माझ्याकडे वळले. "काय रे, कधी बोलला नाहीस. म्हणजे तुझं शिक्षण पण सवलतीतच झालं असणार. बरंय बुवा तुमचं. तिकडेही फुकट, इकडेही फुकट." आणि खोक्यातून पाकीट काढून म्हणाले, "घ्या काका. कॅच."

पुढचं वर सांगितलंच.

परत निघालो. हायवेला लागल्यावर बाबा म्हणाले, "तू काहून हासला?"

"बाबा, तो जोक होता."

"मंग मले समजला नाही," ते म्हणाले. "मले समजावून सांग."

मी रेडिओ लावला.

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला एक गोष्ट सुचली, जी गराजमध्ये सुचायला हवी होती. त्या डॉक्टरांची सगळी डॉक्टरकी सरकारी कॉलेजात झाली होती. जवळजवळ फुकट. बिडी ओढणाऱ्या, काडेपेटी विकत घेणाऱ्या प्रत्येक माणसाच्या करातून. त्यात माझ्या बापाचाही कर होता. शिकून ते विमानात बसले आणि इकडे आले. त्याला कुणी फुकट म्हटलं नाही. त्याला हुशारी म्हणतात.

पण सुचून काय. तोंडावर बोललो नाही ते नाहीच.

माझं काम काय होतं तेही सांगितलं पाहिजे. डॅलसच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात मी ॲडमिशनच्या खिडकीवर बसायचो. दुखणं घेऊन माणूस दारातून आत आला की पहिलं तोंड माझं. मी "काय होतंय" असं विचारायचो नाही. मी विचारायचो, "इन्शुरन्स कार्ड आहे?" नसेल तर, "डिपॉझिट भरू शकता?" तेही नसेल तर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी हॉस्पिटलाचा रस्ता सांगायचा. बहुतेक मेक्सिकन असायचे, छपरं घालणारे, भांडी घासणारे. काळे असायचे. इंग्रजी अडखळत बोलायचे. त्यांना रस्ता सांगण्यात माझा वेळ जायचा. म्हणून मी एक नकाशा काढला. आमचं हॉस्पिटल, हायवे, तिसरी एक्झिट, उजवीकडे वळा. बाण काढले. झेरॉक्स काढून गठ्ठा खिडकीत ठेवला. आमची सुपरवायझर बेटी म्हणाली, "किती छान कल्पना. आता रांग पटापट पुढे जाते." त्या महिन्यात माझं नाव कौतुकाच्या बोर्डावर लागलं.

मला वाईट वाटायचं नाही. हे लिहायला जड जातंय. मला वाटायचं, मी खिडकीच्या आतल्या बाजूला आहे. जन्मभर बाहेरच्या बाजूला उभा होतो, आता आत आहे. एवढ्यानेच माझं पोट भरलं होतं.

आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मी युनिव्हर्सिटीत हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन शिकायला जायचो. त्या सेमिस्टरला प्रोफेसरांनी प्रत्येकाला एकेक देश वाटून दिला. तिथली आरोग्यव्यवस्था कशी चालते, पैसा कुठून येतो, यावर पेपर वाचायचा. मला डेन्मार्क आलं. मला वाटलं, सुटलो. एवढासा देश. आमच्या दोन-तीन जिल्ह्यांची मिळून लोकवस्ती. काय असणार त्यात.

वर्गात कारेन नावाची डॅनिश बाई होती. तिकडे नर्स होती, नवऱ्याच्या तेलकंपनीच्या नोकरीमुळे इथे आलेली. मी तिला कँटीनमध्ये गाठलं. तिने पर्समधून एक छोटं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर तिचं नाव, एक नंबर आणि तिच्या डॉक्टरचं नाव छापलेलं.

"कुठल्या कंपनीचं हे?" मी विचारलं.

"कंपनी कसली? मी तिथे राहत होते म्हणून मिळालं."

मग ती सांगत गेली आणि मी लिहून घेत गेलो. प्रत्येक माणसाचा एक ठरलेला घरचा डॉक्टर. तो सरकारी नोकर नाही, स्वतःचा दवाखाना चालवतो. पण पेशंट त्याला पैसे देत नाही. त्याच्या यादीवर जितकी माणसं त्याप्रमाणे काही आणि जितकं काम केलं त्याप्रमाणे काही, असं काउंटी त्याला देते. हॉस्पिटलं काउंटीची. काउंटी लोकांच्या उत्पन्नावर कर घेते, त्यातून ती चालतात, थोडं वरून सरकार देतं. मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर घरच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. दात, चष्मा याचे स्वतःचे पैसे जातात, औषधांचेही काही. खुब्याच्या ऑपरेशनला रांग असते. कर जबरदस्त. लोक कुरकुर करतात.

"पूर्वी आमच्याकडे आजारपणाची मंडळं होती," ती म्हणाली. "सुतारांचं, चांभारांचं, गावागावाचं. वर्गणी भरायची, मग मंडळ डॉक्टरचा खर्च द्यायचं. मी ट्रेनिंगला होते तेव्हा ती बंद केली आणि सगळं करातून चालवायला घेतलं. मंडळात कोण आहे, कोण नाही, हा प्रश्नच संपला."

मी विचारलं, "मग तुम्ही लोक त्या डॉक्टरचे उपकार कसे फेडता?"

तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला. फुकट बघतो म्हटल्यावर काहीतरी नेऊन देत असाल. घरी केलेलं काही.

ती म्हणाली, "थँक्यू म्हणतो. दार उघडून धरलं तरी म्हणतोच की. पण उपकार कसले? आणि फुकट कुठे आहे? माझ्या बापाने कर भरलाय. ते माझंच आहे."

मी पेन खाली ठेवलं. चाळिशीकडे आलेला माणूस मी. 'ते माझंच आहे' हे वाक्य दवाखान्याबद्दल बोलताना मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्या बापाने बत्तीस वर्षं ज्या हॉस्पिटलची लादी पुसली, ते त्याचंच होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

पण पेपर लिहिणं वेगळं आणि वागणं वेगळं.

ऑक्टोबरचा पहिला रविवार आला. बाबा म्हणाले, "मले नको ते. नाही येत मी तिथं." मी समजावलं, चिडलो, बीपीचं भय घातलं. ते हलले नाहीत. शेवटी मी एकटा गेलो. गराजमध्ये खुर्चीवर बसलो. नंबर आल्यावर म्हणालो, "वडिलांना जरा बरं वाटत नाही, म्हणून आले नाहीत." डॉक्टर म्हणाले, "रुसले की काय?" आणि महिन्याभराच्या गोळ्या दिल्या. मी वाकून थँक्यू म्हणालो. घरी येऊन बाबांना सांगितलं, "फार्मसीतून विकत आणल्यात. माझ्या पैशाच्या आहेत. आता घ्या."

बाबांनी पाकीट हातात घेतलं. उलटं केलं. पाठीमागे बघितलं. "बरं," म्हणाले.

पाठीमागे इंग्रजीत छापलं होतं की हे सॅम्पल आहे, विक्रीसाठी नाही. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. पण बत्तीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या माणसाला तो शिक्का अक्षरं न वाचताही ओळखू येतो. हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय. माझ्याच बापाबद्दल मी तोच विचार केला जो ते डॉक्टर करत होते.

बाबांनी त्यातली एकही गोळी घेतली नाही. रोज सकाळी माझ्या बायकोसमोर, ललितासमोर, पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचे. ती समजायची, घेतली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप पडला. तोंड एका बाजूला ओढलं. बोलायला गेले तर नुसता आवाज आला. मी त्यांना गाडीत घातलं आणि सरळ माझ्या हॉस्पिटलात नेलं. विचारसुद्धा केला नाही. माझं हॉस्पिटल. मी तिथे काम करतो.

खिडकीवर माझ्याच शेजारी बसणारी मुलगी होती. तिने मला बघितलं, बाबांना बघितलं. ओशाळली. तरी विचारलं, "कार्ड आहे का त्यांचं?"

"नाही. माझे वडील आहेत. पाहुणे."

"डिपॉझिट?"

"पगारातून कापा."

तिने बेटीला बोलावलं. बेटीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला पॉलिसी माहीत आहे. तुझ्याइतकी कुणाला माहीत नाही." एक डॉक्टर आला, बाबांच्या डोळ्यांत टॉर्च मारला, कागदावर लिहिलं की हलवण्यालायक आहेत. ॲम्ब्युलन्स बोलवायलाही त्यांनी वेळ लावला, मी म्हणालो मीच नेतो. आणि त्या मुलीने, सवयीने, काही वाईट मनात न ठेवता, गठ्ठ्यातला एक कागद काढून माझ्या हातात दिला.

माझा नकाशा. माझ्या हातचे बाण.

काउंटीच्या हॉस्पिटलात बाबा दुपारपर्यंत कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर होते. दोन्ही बाजूंना तशीच स्ट्रेचर. त्यातली काही माणसं मी ओळखली असती, जर मी कधी वर मान करून त्यांचे चेहरे बघितले असते. मग एक तरुण डॉक्टर आली. तिने नीट बघितलं. चांगलं बघितलं. खोटं कशाला बोलू. पण वेळ गेला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. तिने विचारलं, "बीपीच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?" मी म्हणालो, "बंद नाहीत." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी घरी फोन केला. ललिताने बाबांची बॅग उघडली. सगळी पाकिटं कपड्यांखाली रांगेत लावून ठेवलेली होती.

त्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून मला माझा पेपर खरा समजला. ते हॉस्पिटलही काउंटीचंच होतं. करावरच चालत होतं. डेन्मार्कसारखंच. फरक एकच. तिथे त्याच दारातून सगळे जातात, मंत्रीही जातो आणि भांडी घासणाराही. म्हणून ते दार चांगलं ठेवावं लागतं. इथे ते दार टाकून दिलेल्यांसाठी होतं. आमच्या सिव्हिलसारखं. गरिबांसाठी वेगळं दार केलं की ती गावाबाहेरची वस्तीच होते, मग ती टेक्सासमध्ये असो. आणि त्या वस्तीचा रस्ता दाखवायची नोकरी मी करत होतो. माझ्या आजोबांना गावाने वेशीवर राखणीला आणि वाट दाखवायला उभं केलं होतं. मला या हॉस्पिटलने उभं केलं. आजोबांचा इलाज नव्हता. मी अर्ज करून गेलो होतो.

वर्गात पेपर वाचला. चांगले मार्क मिळाले.

नोव्हेंबरच्या शेवटी, शाळेचा हॉल मिळाला त्या शनिवारी, मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम ठरला. आठवडाभर आधी मंडळाचे अध्यक्ष, काळेकाका, यांचा फोन आला. यंदा डॉक्टरांचा सत्कार करायचा होता. दर महिन्याच्या फ्री सेवेबद्दल. "आभारप्रदर्शन तू कर," काळेकाका म्हणाले. "तू त्याच फील्डमध्ये शिकतोयस. शिवाय तुझ्या वडिलांना डॉक्टरांनी किती मदत केली. मनापासून होईल."

मदत केली होती. हेही खरं. बाबा घरी आल्यावर डॉक्टर दोनदा येऊन गेले. तपासलं, हाताचे व्यायाम दाखवले. एका वेळी हळूच म्हणाले, "सॉरी यार, मला कल्पना नव्हती." कशाची कल्पना नव्हती ते मी विचारलं नाही.

मी काळेकाकांना हो म्हणालो.

बाबांना बरोबर नेलं नाही. ललिताने विचारलं, "त्यांना का नाही नेत? व्हीलचेअर बसेल की गाडीत."

"दमतील," मी म्हणालो.

ती म्हणाली, "दमतील, का ऐकतील?"

मी बूट घालत राहिलो. ती घरीच थांबली.

हॉलमध्ये दीडेकशे माणसं. नाट्यगीतं झाली, पोरांचा फॅशन शो झाला. मग डॉक्टरांना शाल, श्रीफळ. टाळ्या. काळेकाका म्हणाले, "आता आभारप्रदर्शन." लोक उठून जेवणाच्या टेबलाकडे सरकू लागले. आभारप्रदर्शन कोण ऐकतो.

मी यादी काढली. हॉल देणाऱ्या शाळेचे आभार मानले. स्वयंपाकाच्या टीमचे मानले. माइक लावणाऱ्याचे मानले. मग यादीत लिहिलं होतं, 'डॉक्टर'. मी ते वाचलं. तोंड उघडलं. आणि पुढचं वाक्य आलंच नाही. ठरवून थांबलो नाही. खरंच आलं नाही.

लोक वळून बघायला लागले.

मी म्हणालो, "डॉक्टरांचे आभार मी मानणार नाही."

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, पुढे काहीतरी गमतीचं येणार.

"माझे वडील सिव्हिल हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. आम्ही महार. आता बौद्ध. हे मी इथे सात वर्षं लपवलं. वडिलांनाही लपवायला लावलं. सप्टेंबरमध्ये डॉक्टरांच्या गराजमध्ये ते उघड झालं. त्यावर डॉक्टर म्हणाले, तिकडेही फुकट, इकडेही फुकट. आणि गोळ्या फेकल्या. तुमच्यातले दहा-बारा जण तिथे होते. तुम्ही हसलात. मी पण हसलो. त्यानंतर माझ्या वडिलांनी फुकटची गोळी तोंडात घातली नाही. आता ते बोलू शकत नाहीत."

मागे कुणाचं तरी पोर इंग्रजीत विचारत होतं, "मॉम, व्हॉट हॅपन्ड?"

काळेकाका पुढे आले. "अरे, इथे हे नको. जातपात आपण तिकडेच सोडून आलोय."

"तुम्ही सोडून आला असाल, काका. आम्हाला ती गराजमध्ये भेटली."

डॉक्टर खुर्चीतूनच म्हणाले, "बस खाली. इमोशनल झालायस. मी मस्करी केली होती. सगळ्यांचीच करतो."

एक काकू होत्या. त्यांच्या आईला डॉक्टरांच्याच गोळ्यांनी बरं वाटलं होतं. त्या उभ्या राहिल्या. "पण त्यांनी दिल्या ना रे गोळ्या? कुणी दिलं असतं? आम्ही काय करायचं होतं?"

तो प्रश्न बरोबर होता. तो अजूनही बरोबर आहे. मी म्हणालो, "काकू, घ्यायच्या. माझ्याकडे दुसरा उपाय नाही. पण औषध दयेने मिळत असेल तर देणाऱ्याला आपली जात विचारता येते, मस्करी करता येते, पाकीट फेकता येतं. आणि आपल्याला वाकावं लागतं. मी एका छोट्या देशाबद्दल वाचलं. तिथे म्हातारी बाई डॉक्टरकडे जाते तेव्हा चकली नेत नाही. तिचं असतं ते. आपण इथे शिकलेली एवढी माणसं आहोत. घरं घेतली, गाड्या घेतल्या. आणि आईबापांना गराजमध्ये रांगेत बसवतो आणि वर सत्कार करतो. मला हे चालणार नाही. एवढंच."

टाळी वाजली नाही. कुणी मारलंही नाही. लोक जेवायला गेले. काळेकाकांनी माइक बंद केला. पार्किंगमध्ये एक माणूस मागून आला, मी त्याला ओळखत नव्हतो. त्याने आपलं आडनाव सांगितलं, मग खरं आडनाव सांगितलं आणि निघून गेला.

घरी आलो. बाबा जागे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते छताकडे बघत होते. त्यांना किती कळलं, कळून काय वाटलं, मला माहीत नाही. फेब्रुवारीत मी त्यांना गावी पोचवलं. दोन वर्षांनी ते गेले. त्यांनी मला माफ केलं, असं मी कुणाला सांगत नाही. त्यांच्याकडून मला तसं काही मिळालं नाही आणि माझी तेवढी लायकीही नव्हती.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी खिडकीवर बसलो होतो. साडेनऊच्या सुमाराला एक माणूस बायकोला धरून आत आला. कपड्यांना डांबर लागलेलं, म्हणजे छपराच्या कामावरून तसाच उठून आलेला. बायकोला श्वास घेता येत नव्हता. त्याने मला बघताच खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून पुढे केल्या. न विचारता. आम्ही त्यांना एवढं शिकवून ठेवलं होतं.

मी म्हणालो, "काय होतंय त्यांना?"

तीन वर्षांत त्या खिडकीतून पहिल्यांदा हा प्रश्न गेला. मी नर्सला हाक मारली आणि बाईंना आत पाठवलं. बेटी धावत आली. "कार्ड?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"नाही. आणि विचारणारही नाही. आधी डॉक्टर बघतील. मग तुझे फॉर्म."

"तुझी नोकरी जाईल."

"जाईल."

मार्चमध्ये गेली. मी काउंटीच्या दवाखान्यात कमी पगारावर लागलो, तिथल्या खिडकीवर बसता बसता कामगारांच्या युनियनच्या कामातही पडलो. पुढे असा कायदा झाला की इमर्जन्सीत आलेल्याला तपासल्याशिवाय हाकलता येणार नाही. लोकांना वाटलं, जिंकलो. तपासतात. मग बिल पाठवतात, मग घर विकायला लावतात. बाकी सगळं तसंच आहे.

मी पन्नाशी ओलांडली आहे. मी किती माणसांना परत पाठवलं त्याची नोंद कुणी ठेवली नाही. मी रडत बसणार नाही, रडल्याने माझं ओझं हलकं होईल आणि ते हलकं व्हायला नको. मी जिथे बसेन तिथे माणूस आधी आत जाईल. त्याची जात, त्याचा देश, त्याची कंपनी, त्याचे पैसे, यातलं काही त्याच्या दुखण्याच्या आधी विचारलं जाणार नाही. कुणाला हे पटत नसेल त्याने मला काढून दुसरा बसवावा. त्या दुसऱ्याच्या घरी मी संध्याकाळी जाईन, शेजारी बसेन, आणि त्यालाही हेच करायला शिकवीन.